एका दिवसात गेलेली कादंबरी

एखादं पुस्तक मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कसं येतं, ते आधी सांगतो, कारण या प्रकरणाची गोम तिथेच आहे. विषयाचं अभ्यास मंडळ बसतं. त्यात निरनिराळ्या महाविद्यालयांतले विभागप्रमुख आणि जुनेजाणते प्राध्यापक असतात. कुणी दोन कादंबऱ्या सुचवतं, कुणी म्हणतं ही आमच्या मुलांना जड जाईल, कुणी विचारतं की स्वस्त आवृत्ती मिळते का, नाहीतर सगळी मुलं झेरॉक्सवर येतील. मसुदा फिरतो, शेरे लागून परत येतो. मग विद्याशाखेची बैठक, मग विद्वत परिषद (आता तिला विद्या परिषद म्हणतात), मग परिपत्रक, आणि तेही पुढच्या जूनपासून लागू. सगळं सुरळीत झालं तरी वर्ष सहज जातं.

सप्टेंबर २०१० मध्ये एक कादंबरी या यादीतून बाहेर पडली, तीही वर्षाच्या मध्यात. तिला जायला एक दिवस पुरला.

मी त्या वेळी विद्यापीठाशी संलग्न अशा एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवत होतो. कादंबरी होती रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’. द्वितीय वर्ष बी.ए.च्या इंग्रजीला ती काही वर्षांपासून ऐच्छिक पुस्तक म्हणून होती, आणि आमच्या विभागाने पर्यायांतून तीच निवडली होती. त्यामुळे हे प्रकरण मी वर्तमानपत्रातून वाचलं तसं वर्गातूनही पाहिलं. पंधरा वर्षं होऊन गेली तरी ते मनातून जात नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

काय घडलं

शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने या कादंबरीला विरोध केला. तिच्यात मराठी माणसांविषयी, शिवसेनेविषयी आणि डबेवाल्यांविषयी अपमानकारक मजकूर आहे, असा आक्षेप होता. विरोधाचं नेतृत्व आदित्य ठाकरे यांच्याकडे होतं. ते तेव्हा २० वर्षांचे, सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बी.ए. करणारे विद्यार्थी होते. विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या गेल्या आणि पुस्तक काढण्यासाठी कुलगुरूंना २४ तासांची मुदत दिली गेली. कुलगुरू होते डॉ. राजन वेळूकर, पदावर येऊन त्यांना जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. त्यांनी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा १९९४ च्या कलम १४ मधले तातडीचे अधिकार वापरले आणि पुस्तक काढलं.

बाहेर ही बातमी पसरायला ऑक्टोबर उजाडला. मग प्राध्यापक बोलू लागले, विद्यार्थी बोलू लागले, जाहीर वाचनं झाली. सेंट झेवियर्सचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्यस यांनी पुस्तकाच्या आणि शैक्षणिक स्वातंत्र्याच्या बाजूने निवेदन काढलं. आपल्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी समोर असताना प्राचार्याने असं उभं राहणं सोपं नसतं. मुख्यमंत्री तेव्हा अशोक चव्हाण. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, म्हणजे शिवसेनेच्या विरोधातलं. त्यांनीही पुस्तकातली भाषा आक्षेपार्ह असल्याचं जाहीरपणे म्हटलं, आणि इथे विषय संपला. विरोधी पक्ष पुस्तक जाळतो आहे आणि सत्ताधारी मान डोलावतो आहे, अशा स्थितीत विद्यापीठाच्या पाठीशी कोण उरतं? १७ ऑक्टोबरला शिवाजी पार्कच्या दसरा मेळाव्यात युवासेनेची स्थापना झाली आणि बाळासाहेबांनी नातवाच्या हाती तलवार दिली.

मिस्त्री कॅनडातून फारसं बोलत नाहीत. या वेळी त्यांनी एक निवेदन दिलं. ते स्वतः झेवियर्सचे आणि मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर, १९७५ मध्ये देश सोडून गेलेले. एका राजकीय पक्षाने मागणी करावी आणि विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी पुस्तक गायब करावं, याचं दुःख त्या निवेदनात होतं. त्या विशीतल्या मुलाबद्दल मात्र त्यांनी कठोर शब्द वापरले नाहीत. तुला निवड करता येईल, असं सांगत त्यांनी त्याला दोन पुस्तकं नीट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला सुचवली: कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ आणि रवींद्रनाथांची ‘गीतांजली’. कुलगुरूंनाही ती उपयोगी पडतील, असंही ते म्हणाले.

दिनशॉजीची रस्त्यांची नावं

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण पुस्तकापाशी थांबतच नाहीत. मला थांबायचं आहे, कारण त्या पुस्तकातून वर्गात नेमकं काय मिळत होतं हे कळल्याशिवाय काय गेलं तेही कळणार नाही.

कादंबरी १९९१ ची, त्या वर्षी बुकरच्या अंतिम यादीत गेलेली. गोष्ट १९७१ च्या मुंबईतली. गुस्ताद नोबल हा पारशी बँक कारकून खोदादाद बिल्डिंगमध्ये राहतो. बाहेर बांगलादेशाचं युद्ध जवळ येतंय, आणि घरात एका जुन्या मित्राच्या मदतीपायी तो मोठ्या रकमेच्या भानगडीत अडकत जातो. तो धागा त्याच वर्षीच्या खऱ्या नगरवाला प्रकरणावर बेतलेला आहे, ज्यात दिल्लीच्या स्टेट बँकेतून एका फोनवर ६० लाख रुपये बाहेर गेले होते. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर येणारे-जाणारे लघवी करतात, म्हणून गुस्ताद फुटपाथवरच्या एका चित्रकाराकडून तिच्यावर सगळ्या धर्मांचे देव, संत, पीर काढून घेतो. भिंत स्वच्छ होते, पुढे तिथे फुलं येतात, उदबत्त्या लागतात. शेवटी पालिका रस्ता रुंद करायला येते. मुंबईत राहिलेल्या माणसाला ही भिंत समजावून सांगावी लागत नाही. आमच्या मुलांनी आपापल्या गल्लीतल्या अशा भिंती पहिल्याच तासाला मोजून दाखवल्या होत्या.

गुस्तादचा बँकेतला सहकारी आहे दिनशॉजी. म्हातारा, आजारी, आचरट विनोद करणारा. मराठी माणसाबद्दल आणि सेनेबद्दल वाईटसाईट बोलतो तो बराचसा हाच. त्याच्या तोंडी शिव्या आहेत, तुच्छता आहे, भीती आहे. ते वाचताना टोचतं. मी साताऱ्याकडचा. मुंबईत शिकायला आलो तेव्हा ‘घाटी’ हा शब्द मला उद्देशून वापरलेला मी ऐकला आहे, तेव्हा या टोचण्याला खोटं म्हणायची माझी तयारी नाही. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची घरं लालबाग, परळ, भांडुप, डोंबिवलीची. त्यांनाही टोचलं. एका मुलाने पुस्तक मिटून बाकावर ठेवलं आणि विचारलं, “सर, हे आम्ही का वाचायचं?”

प्रश्न रास्त होता. मी त्याला तिथलाच एक परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितला. दिनशॉजी रस्त्यांच्या बदललेल्या नावांवर चिडलेला असतो. गुस्ताद म्हणतो, नावात एवढं काय आहे? तेव्हा तो गंभीर होतो. मी लॅमिंग्टन रोडवर लहानाचा मोठा झालो, तो आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला. माझी शाळा कर्नाक रोडवर होती, आता ती लोकमान्य टिळक मार्गावर आहे. जन्मभर कामाला फ्लोरा फाउंटनला आलो, आणि एके दिवशी त्याचंही नाव बदललं. मग मी जगलो ते आयुष्य चुकीच्या नावांनी जगलो का, असं तो विचारतो.

वर्ग शांत झाला. तो प्रश्न खरा आहे आणि त्याच्या समोर उभा राहणारा प्रश्नही तितकाच खरा आहे, हे कुणी न सांगता मुलांना जाणवलं. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक उगीच झालेला नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला. गिरणगावातल्या घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. एका मुलीचे आजोबा गिरणीत होते. ते दरवर्षी चौकात फूल वाहायला जात. तिच्या आजोबांचा चौक आणि दिनशॉजीचं फाउंटन ही एकच जागा. विद्यापीठाच्या फोर्ट आवारातल्या राजाबाई टॉवरखालून निघालं तर ती जागा चालत दहा मिनिटांवर आहे.

साहित्याचा वर्ग यासाठीच असतो. दुसऱ्याच्या तोंडून आपल्याबद्दलचं वाईट ऐकायचं आणि तरीही त्याला बोलू द्यायचं, मग त्याला उत्तर द्यायचं, हे शिकायला शहरात दुसरी जागा नाही. लोकलमध्ये हेच संभाषण झालं असतं तर हातघाईवर आलं असतं. बाकावर बसून, समोर पुस्तक धरून, एक शिक्षक आणि साठ मुलं ते करू शकतात. त्या दिवशी आम्ही ते करत होतो. पुढच्या आठवड्यात करायला आम्हाला बंदी झाली.

‘बंदी’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण तांत्रिकदृष्ट्या ती बंदी नव्हती. आणि म्हणूनच ती अधिक काळजी करण्यासारखी होती.

बंदी नसलेली बंदी

सरकारला एखादं पुस्तक जप्त करायचं असेल तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली आदेश काढावा लागायचा. आदेशात कारणं द्यावी लागायची. ज्याला तो मान्य नाही तो कलम ९६ खाली उच्च न्यायालयात जाऊ शकायचा, आणि तिथे तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ ते ऐकायचं. ही वाट चालते, याचा दाखला याच राज्याने दिला होता. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पुस्तकावर सरकारने बंदी घातली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, आणि ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या पुस्तकाच्या बाजूचा मी नाही. पण बंदी कायद्याच्या कसोटीवर घासून पाहता आली, एवढं खरं.

त्या निकालानंतर दोन-अडीच महिन्यांत विद्यापीठाने मिस्त्रींची कादंबरी काढली, आणि तिच्यासाठी यातली एकही वाट नव्हती. पुस्तक दुकानात होतं, ग्रंथालयात होतं. कुणाचा वाचायचा हक्क काढून घेतला, असं न्यायालयात म्हणता आलं नसतं. फक्त परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नव्हता. आपल्याकडच्या संलग्नतेच्या व्यवस्थेत एवढं पुरतं. शेकडो महाविद्यालयं, सगळ्यांचा एकच अभ्यासक्रम, आणि तो विद्यापीठ ठरवणार. परीक्षेला नाही ते शिकवलं जात नाही, आणि शिकवलं नाही ते वाचलं जात नाही. एका टेबलावर झालेली एक सही इथपासून पालघर-रत्नागिरीपर्यंतच्या वर्गांत पोचते. झेवियर्सचे प्राचार्य निवेदन काढू शकले, पण पुस्तक अभ्यासक्रमात परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं.

आता त्या सहीकडे येऊ. कलम १४ चा तातडीचा अधिकार कुलगुरूंना कशासाठी दिला आहे? परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर फुटला, वसतिगृहात साथ आली, केंद्राची इमारत धोकादायक ठरली, अशा वेळी बैठका बोलावत बसता येत नाही म्हणून. तो वापरताना दोन अटी आहेत. कारणं लेखी नोंदवायची, आणि एरवी ज्या मंडळाकडे विषय गेला असता त्याला लवकरात लवकर कळवायचं. म्हणजे अधिकार उसना आहे. काम भागलं की मालकाला हिशेब द्यायचा असतो. इथला मालक अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद. आणि वर्षानुवर्षं वर्गात असलेल्या कादंबरीत तातडीचं असं काय होतं? मजकूर तोच होता, अक्षरही बदललेलं नव्हतं. तातडी दाराबाहेर होती. दारातल्या आगीवरचा उपाय म्हणून वर्गातलं पुस्तक उचललं गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की मोर्चे, निदर्शनं, हिंसाचाराची धमकी यांमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही. अभिव्यक्तीचं रक्षण करणं हे राज्याचं काम आहे, आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब चालत नाही. तो खटला एका तमिळ चित्रपटाचा होता. पण तत्त्व विद्यापीठालाही लागू व्हायला हवं, कारण विद्यापीठ हे कायद्याने निर्माण झालेलं, सार्वजनिक पैशावर चालणारं शासनाचंच अंग आहे.

कुलगुरूंच्या खुर्चीत बसून

त्यांची बाजूही बघितली पाहिजे. नवा माणूस, कारभाराची घडी बसायची आहे. हाताखाली लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा. काच फुटली तर प्रश्न त्यालाच विचारणार, मूल जखमी झालं तर तोच दोषी. पोलीस सरकारचे, आणि सरकार पाठीशी उभं राहील याची खात्री नाही. नेमणूक कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या हातात, अनुदान मंत्रालयाच्या. इतक्या मंडळींना सांभाळायचं आणि दुसऱ्या पारड्यात एक ऐच्छिक कादंबरी. तिच्या जागी दुसरी लावली तर कुठलाही विद्यार्थी नापास होणार नाही. प्रशासकाच्या हिशेबाने निर्णय स्वस्तात पडला.

हा हिशेब मला समजतो. तो मला खोल चुकीचा वाटतो, कारण त्यात विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं कार्यालय, एवढंच गृहीत आहे. शांतता, वेळापत्रक, निकाल, नाव खराब न होणं हे सगळं महत्त्वाचं. पण ते कशासाठी? वर्गात जे चालतं ते चालू राहावं म्हणून. वेळापत्रक वाचवायला वर्गच दिला, तर वाचवलेल्या वेळापत्रकाचं करायचं काय?

त्यांच्याकडे दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. आक्षेपाचा अर्ज अभ्यास मंडळाकडे पाठवतो, मंडळ तीन महिन्यांत उत्तर देईल, एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. आक्षेप घेणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना दीक्षान्त सभागृहात एका मंचावर बोलावता आलं असतं. झाला असता गोंधळ, पण विद्यापीठाला साजेसा. पुस्तक ऐच्छिकच होतं, ज्यांना नको त्यांना दुसरा पर्याय घ्या म्हणता आलं असतं. आणि काहीच जमलं नाही तर पोलीस बंदोबस्त मागून, तो नाकारला गेल्यास तसं लेखी घेऊन, निदान नोंद तरी मागे ठेवता आली असती. यातल्या प्रत्येक मार्गाला थोडा वेळ लागला असता. वेळ मागण्याची ताकद हीच तर संस्थेची ताकद असते.

या वेळेवरूनच मला संस्थेचा खरा क्रम दिसतो. याच विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. मुलांचे परदेशातले आणि इतर विद्यापीठांतले प्रवेश अडकले. अखेर तेव्हाच्या कुलगुरूंना पद गमवावं लागलं. लाखो मुलं रडकुंडीला आलेली असतानाही जी यंत्रणा वेगाने हलू शकली नाही, ती २०१० मध्ये २४ तासांत हलली होती. कुणाच्या हाकेला संस्था किती वेळात ओ देते हे नोंदवत गेलं, की तिच्या प्राधान्यक्रमाची यादी आपोआप तयार होते. ध्येयधोरणांच्या पुस्तिकेत ती सापडत नाही.

दिल्लीत वर्षभराने

हे मुंबईपुरतं असतं तर एका माणसाच्या कचखाऊपणावर ढकलता आलं असतं. पण वर्षभरात दिल्लीत तेच घडलं, आणि तिथे पद्धत सगळी पाळली गेली. ए. के. रामानुजन यांचा रामकथांच्या अनेक रूपांवरचा निबंध दिल्ली विद्यापीठात इतिहासाच्या बी.ए. ऑनर्सला लावलेला होता. २००८ मध्ये त्यावरून इतिहास विभागात घुसून मोडतोड झाली, विभागप्रमुखांना मारहाण झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चार तज्ज्ञांची समिती बसली आणि चौघांपैकी तिघांनी निबंध ठेवा असं सांगितलं. तरी ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या विद्वत परिषदेने मोठ्या बहुमताने तो काढून टाकला.

म्हणजे पद्धत पाळली की सुटलो, असंही नाही. तरी मुंबई आणि दिल्लीत मला एक फरक मोठा वाटतो. दिल्लीत विरोधात हात वर करणारे मोजके का होईना, होते, आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात राहिला. समितीचा अहवाल राहिला. उद्या कुणी तो निबंध परत आणायचा म्हटला तर त्याला धरायला दोरीचं टोक आहे. मुंबईत निर्णयाआधी हात वर करायला सभाच भरली नाही.

आधीच्या पिढ्यांतलं

आपल्याकडे हे नवं नाही. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांच्या गणितात कुणी चूक काढली नव्हती. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत, खटले अंगावर घेत, चालवलं. कॉलेजने आपलं नाव जपलं. आज ते नाव या संदर्भात निघतं ते कर्व्यांमुळेच.

उलट उदाहरण पुण्याचं. आगरकर काय लिहितात हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी वामन शिवराम आपटे गेल्यावर, १८९२ मध्ये, फर्ग्युसनचं प्राचार्यपद आगरकरांकडेच आलं आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हाही वर्गणीदार होते, देणगीदार होते, रागावलेले पालक होते. संस्था जेमतेम सात वर्षांची, पैशाची कायम ओढाताण. तिच्याजवळ घाबरायला मुंबई विद्यापीठापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती.

नंतर

पुस्तक गेल्याने त्या वर्षीच्या मुलांचं काय बिघडलं, असं मला एका स्नेह्याने विचारलं होतं. त्यांना दुसरी कादंबरी मिळाली, ती चांगलीच होती, गुणही मिळाले. बिघडलं ते नंतरच्या बैठकांमध्ये. काही वर्षांनी मी स्वतः अभ्यासक्रमाच्या एका उपसमितीवर होतो. कुठल्या संस्थेच्या, ते सांगत नाही. एका दलित कवीची कविता चर्चेत आली. तिच्यात एका देवाला उद्देशून रागाच्या ओळी होत्या. कविता उत्तम आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “यावरून काही होणार नाही ना?” कुणी उत्तर दिलं नाही. पुढच्या मसुद्यात त्याच कवीची दुसरी कविता होती, आईवरची. कुणी धमकी दिली नव्हती, कुठे प्रत जळली नव्हती, कुणा कुलगुरूंनी सही केली नव्हती. इतिवृत्तात त्या पहिल्या कवितेचं नावही नाही.

मीही त्या बैठकीत गप्प बसलो होतो. हे लिहायला इतकी वर्षं लागली त्याचं ते एक कारण आहे.

१९९४ चा कायदा आता नाही. २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्यातही कुलगुरूंचा तातडीचा अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. पण चालू वर्षात अभ्यासक्रमातून पुस्तक काढणं या अधिकारातून वगळावं, ही मागणी अध्यापक संघटनांनी लावून धरायला हवी होती. अजूनही धरता येईल. पुस्तक काढायचं तर ज्या मंडळाने लावलं त्यानेच, कारणं लिहून, पुढच्या जूनपासून काढावं. यायला वर्ष लागतं, तर जायलाही वर्ष लागू दे.

त्या सप्टेंबरात आमच्या वर्गाचं ट्युटोरियल जमा झालेलं होतं. विषय होता दिनशॉजीचा तो प्रश्न. लालबागच्या त्या मुलीने साडेचार पानं लिहिली होती. पहिल्या दोन पानांत तिने दिनशॉजीला सुनावलं होतं, आजोबांच्या वतीने. तिसऱ्या पानावर तिने लिहिलं होतं की गिरणी बंद झाल्यावर तिथे मॉल आला, आणि आजोबा अजून पत्ता सांगताना गिरणीचंच नाव सांगतात, रिक्षावाल्याला ते कळत नाही. पुढे तिचं अक्षर बदललं होतं, घाईत लिहिल्यासारखं. कादंबरी अभ्यासक्रमातून गेल्याने ती ट्युटोरियल्स धरायची नाहीत असं ठरलं आणि मुलांनी नव्या पुस्तकावर दुसरी लिहून दिली. तिची पानं परत न्यायला ती आली नाही. ती माझ्या कपाटात आहेत, समासात गुण न लिहिलेली.